चिनी स्थलांतरित कुटुंबांच्या कथा: दरवेळी आई मेल्यावरच का कळतं?

टाचणी:
मंडळी, एक शंका आहे, शंका म्हणण्यापेक्षा तक्रारच म्हणा. गेले दोन महिने मी अमेरिकेतल्या चिनी कुटुंबांवरच्या कथा वाचत सुटलेय. सुरुवात झाली केन लिऊच्या 'द पेपर मिनॅजरी'पासून. २०११ची कथा, ह्यूगो, नेब्युला आणि वर्ल्ड फँटसी असे तिन्ही पुरस्कार एकाच कथेला मिळायची ती पहिलीच वेळ, म्हणून जरा उत्सुकतेने उघडली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, रसभंग होणारे, आधीच सांगितलं. आई म्हणजे कॅटलॉगात बघून चीनकडून आणलेली बायको, मुलगा अमेरिकेत जन्मलेला. आई भेटवस्तूंवरच्या कागदाचे प्राणी करते आणि त्यात फुंकर मारली की ते चालायला लागतात, त्यातला वाघ म्हणजे लाओहू. मुलगा शाळेत मोठा व्हायला लागतो तशी त्याला आईची, तिच्या बोलण्याची, तिच्या स्वयंपाकाची लाज वाटायला लागते, माझ्याशी इंग्लिशमध्ये बोल म्हणून बसतो, प्राणी खोक्यात आणि खोकं माळ्यावर. मग आई कॅन्सरने जाते. आणि पुढे केव्हातरी त्या वाघाची घडी आपोआप उलगडते तर आत आईचं पत्र, चिनी लिपीत. आणि ह्या दिवट्याला ते वाचताच येत नाही! चिनी टूरिस्टांच्या बसेस थांबतात तिथे जाऊन एका अनोळखी मुलीकडून वाचून घेतो.

रडले. ऑफिसच्या बसमध्ये रडले, शेजारच्या बाईंनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

पण मग एमी टॅनचं 'जॉय लक क्लब' घेतलं (१९८९), सोळा कथा, चार आया आणि चार लेकी, तर तिथेही सुरुवातीलाच एक आई गेलेली आणि तिची खुर्ची लेकीला दिलेली, माहजाँगच्या (चौघांनी फरशांनी खेळायचा चिनी खेळ) टेबलावरची. आणखी एकदोन नेटवर मिळाल्या त्यातही तेच. आई कष्ट काढते, पोरगं लाजतं, आई मरते, खोकं सापडतं, पोरगं रडतं, आणि त्याच्याबरोबर मीही रडते हे आलंच. आता मला राग यायला लागलाय. हे खरंच असंच असतं की हा फक्त ठरलेला साचा आहे? आणि कुणी जिवंतपणी भांडून निकाल लावलाय अशी एखादी कथा आहे का? असेल तर प्लीज सांगा, माझे रुमाल संपलेत.

रात्रपाळी:
तक्रार रास्त आहे पण तू लेकरांच्या तोंडच्याच कथा जास्त वाचल्यास ना, म्हणून तसं होतंय. जो मागे राहतो तोच सांगणार, आणि मागे लेकरूच राहतं. रच्याकने 'जॉय लक'मधल्या सोळापैकी सहा कथा आया स्वतः सांगतात हं, त्यांना एवढ्यात मारून टाकू नकोस.

म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकायचं असेल तर गिश जेनची 'हूज आयरिश?' आधी वाच, १९९९च्या संग्रहातली. एक खमकी चिनी आजी, तिची नोकरी करणारी लेक, आयरिश घराण्यातला बेकार जावई आणि तीन वर्षांची नात सोफी. नात पार्कात कपडे काढून हुंदडते, कुणाचं ऐकत नाही, आणि आजीचं ठाम मत की दोन फटके दिले तर सुतासारखी सरळ येईल, आईबापांना ते बिलकुल मान्य नाही. लेक उठसूट 'सपोर्टिव' हा शब्द वापरते आणि आजी म्हणते की चिनी भाषेत असला शब्दच नाही बुवा. शेवटी प्रकरण हातघाईवर येतं, नातीच्या अंगावर वळ दिसतात आणि लेक आईला घर सोडायला सांगते. आता ही कथा तुझ्या साच्यात बसवून दाखव! कुणी मरत नाही, कुणाला पश्चात्ताप होत नाही, आणि आजी राहायला जाते कुठे, तर जावयाच्या आईकडे. दोघी म्हाताऱ्या एका घरात टीव्ही बघत बसतात. मी हसत होतो आणि मधेच लक्षात आलं की हसण्यासारखं काही नाहीये.

दुसरी हा जिनची 'चिल्ड्रन ॲज एनिमीज', २००९च्या संग्रहातली. नावच बघ ना. आजोबा सांगतात, चीनमधलं सगळं विकून मुलाकडे न्यूयॉर्कला आलेत, आणि नातवंडांना स्वतःची नावं बदलायचीत कारण शाळेत कुणाला उच्चार येत नाही. नाव तरी ठीक, पुढे आडनावावर येतात. आजोबांच्या पायाखालची जमीनच सरकते. ह्यातही कुणी मरत नाही, म्हातारा म्हातारी वेगळं बिऱ्हाड करतात.

तिसरी यीयुन लीची 'अ थाउजंड इयर्स ऑफ गुड प्रेयर्स', २००५, तिच्याबद्दल मी काही सांगणार नाही, फक्त एवढंच की बाप म्हणतो मी रॉकेट सायंटिस्ट होतो. वाच आणि मग ये इथे.

खवचट_मामा:
धागाकर्तीला एक साधा प्रश्न. आई जिवंत असताना कळलं असतं तर कथा कशाला लिहिली असती? फोन केला असता. (दिवे घ्या.)

किल्लेदार:
मामा 😄

पण मला वाटतं प्रश्न 'मेल्यावर का कळतं' हा नाहीये, 'जिवंतपणी का सांगत नाहीत' हा आहे. आणि ह्याचं उत्तर लोक फार पटकन देऊन टाकतात, की आशियाई आईबाप भावना दाखवत नाहीत वगैरे. अर्धं खरं असेल, पण जुन्या घरांपुरतं तरी त्यामागे चक्क कायदा होता.

१८८२ला अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी केली. व्यापारी, विद्यार्थी असे थोडे चालायचे, आणि अमेरिकन नागरिकाची मुलं. आता १९०६च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को पेटलं त्यात जन्माच्या नोंदी जळून गेल्या, म्हणजे 'माझा जन्म इथलाच' असं म्हणणाऱ्याला खोटं पाडायला कागदच उरला नाही. मग असा माणूस गावी जाऊन यायचा आणि सरकारदरबारी सांगायचा की मला मुलगा झाला. झालेला असो नसो. ती मुलाची जागा दुसऱ्या कुणाच्या पोराला विकली जायची आणि ते पोरगं त्या माणसाचं नाव, आडनाव, जन्मतारीख, भावंडं सगळं पाठ करून बोटीत बसायचं. ह्यांना म्हणायचे पेपर सन, कागदी मुलगा. पाठांतराच्या वह्या अमेरिकेचा किनारा दिसायच्या आत समुद्रात. मग सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड बेटावर चौकशी (ते ठाणं १९१० ते १९४० चाललं), घराला पायऱ्या किती, तांदळाचा हंडा कुठल्या कोपऱ्यात, तुमच्या ओळीत तिसरं घर कुणाचं, आणि हीच उत्तरं 'बापा'च्या उत्तरांशी ताडून बघायची. जुळलं नाही तर परत. आठवडे, कधी महिनेही लोक तिथे अडकून असायचे, बराकीच्या लाकडी भिंतींवर त्यांनी कविता कोरल्यात, अजून दिसतात.

बंदी उठली १९४३ला, तीसुद्धा वर्षाला १०५ माणसं एवढीच. आणि गंमत म्हणजे पुढे १९५६पासून सरकारने कबुलीची योजना काढली, खरं नाव सांगा, आम्ही बघू तुमचं काय ते. पण एकाने कबूल केलं की अख्ख्या खानदानाची नावं बाहेर. आता सांगा, असा माणूस रात्री जेवताना पोरांना आपली गोष्ट सांगेल का? पोरगं शाळेत बोलून गेलं तर? गप्प बसणं हा त्या घरात स्वभाव नव्हता हो, ती खबरदारी होती, स्वभाव ती नंतर झाली.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं सांगतो, तो तिसऱ्या पिढीचा. आजोबा गेले तेव्हा थडग्याच्या दगडावर इंग्रजीत जे आडनाव होतं ते ह्याचं, आणि त्याच्याच शेजारी चिनी अक्षरांत कोरलेलं आडनाव वेगळंच. ह्याला चिनी वाचता येत नाही, त्याला वाटलं कोरणाऱ्याने घोळ घातला, काकाला विचारलं तर काका म्हणे घोळ नाही, तेच खरं. बेचाळीस वर्षांचा होता तेव्हा.

अवांतर: कागदी वाघाची कथा वाचताना मला सारखे हे कागदी मुलगेच आठवत होते. लेखकाच्या मनात होतं की नव्हतं, मला फरक पडत नाही.

टाचणी:
किल्लेदार, म्हणजे तुमच्या सहकाऱ्यालाही आजोबा गेल्यावरच कळलं ना!! पुन्हा तेच!!

(पण दगडावरच्या दोन आडनावांचं मला झोपेपर्यंत डोक्यातून जाणार नाहीये.)

किल्लेदार:
हाहा, हो की. सपशेल शरण.

फक्त एक पुस्ती जोडतो, सगळ्यांना एका गोणीत भरू नका. कागदी मुलगे आले ते बहुतेक कॅन्टनकडच्या खेड्यांतले, बोली कँटनीज नाहीतर तोयसानी. एमी टॅनच्या आया आल्या त्या चाळीसच्या दशकातल्या लढाईतून सुटून. आणि हा जिन, यीयुन ली ह्यांची माणसं खूप नंतरची, मँडरिन बोलणारी, शिकलेली, १९६५ला कायदा बदलल्यानंतरच्या आणि त्यातही माओ गेल्यानंतरच्या जगातली. त्यांची न सांगण्याची कारणं वेगळी असतात.

मंद्रसप्तक:
इथे कथांवर बोलायची माझी लायकी नाही पण एका गोष्टीवर बोलल्याशिवाय राहवत नाहीये. 'जॉय लक'मध्ये ती पियानोची कथा आहे ना, 'टू काइंड्स', आईला वाटतं लेक जगावेगळी हुशार निघावी, म्हणून पियानो लावते, शिकवणारा म्हातारा ठार बहिरा, त्यामुळे पोरगी चुकीचे सूर ठोकते तरी तो खूश, लय धरली की झालं. मग कार्यक्रमात सगळ्यांसमोर फजिती. दोन दिवसांनी भांडण होतं आणि लेक आईच्या चीनमध्ये हरवलेल्या मुलींचा उल्लेख करून असं काही बोलते की आई सुकल्या पानासारखी मागे सरते.

तर ती जो तुकडा वाजवते तो शूमान ह्या जर्मन संगीतकाराचा, 'प्लीडिंग चाइल्ड', म्हणजे विनवणारं मूल. आई गेल्यावर ती पियानो उघडते तर समोरच्या पानावर दुसरा तुकडा असतो, 'परफेक्टली कंटेंटेड', तृप्त, आणि तिच्या लक्षात येतं की ही दोन गाणी म्हणजे एकाच गाण्याच्या दोन बाजू. वाचणारे म्हणतात वा काय प्रतीक आहे. पण हे प्रतीकाच्या पुढचं आहे! मी हे दोन्ही वाजवलेत. शूमानच्या १८३८च्या त्या मालिकेत हे चौथा आणि पाचवा, खरोखर एकापाठोपाठ येतात, दोन्ही डी मेजरमध्ये, आणि चौथा तुकडा संपतच नाही. म्हणजे शेवटचा कॉर्ड असा आहे की तो सुटायला हवा आणि सुटत नाही, 'सा'वर यायच्या आधीच थांबतो, हात हवेत राहतो. पाचवा सुरू झाला की मग तो सुटतो. तुम्ही फक्त चौथाच शिकलात आणि पियानो बंद करून टाकलात, जसं त्या मुलीने केलं, तर ते विनवणं तसंच लटकत राहणार, वर्षानुवर्षं.

मला हे एका पावसाळी दुपारी वाजवता वाजवता लक्षात आलं आणि मी उठून खिडकी लावून घेतली, का ते विचारू नका.

टाचणी:
मंद्रसप्तक, लायकी नाही म्हणे!

अनुस्वार:
+१ मंद्रसप्तक. ह्या धाग्यावर यायचं सार्थक झालं.

मला वेगळंच खुपतं, भाषा. ह्या कथा मराठीत आणायच्या म्हटलं तर आईचं मोडकं इंग्लिश कसं आणणार? मी 'हूज आयरिश?'ची दोन पानं गंमत म्हणून करून बघितली. आजीचं बोलणं मोडक्या मराठीत केलं तर ते लगेच विनोदी नाटकातल्या परभाषिक पात्रासारखं होतं, प्रेक्षक हसायला तयारच बसलेला. आणि शुद्ध केलं तर कथेचा जीवच जातो, कारण ही बाई स्वतःशीसुद्धा मोडक्या इंग्लिशमध्ये बोलते, लेखिकेने ते मुद्दाम ठेवलंय. माझं जमलेलं उत्तर असं, की आई चिनी बोलते तिथे भरघोस, म्हणी-वाक्प्रचारांची, जरा जुन्या वळणाची मराठी द्यायची आणि लेकाला इंग्रजाळलेली तुटक मराठी, म्हणजे भाषेने गरीब कोण हे उलटं दिसेल. तिथे त्या बायका गरीब नसतातच, भाषा बदलली म्हणून गरीब दिसतात. पण आजीच्या कथेला हेही लागू पडत नाही. सोडून दिलं.

बाकी एक छोटी गंमत, चिनीत आईच्या आईला म्हणतात वाय-पो, त्यातल्या 'वाय'चा अर्थ बाहेर. बाहेरची आजी. मुलीकडे राहायला आलेली आजी म्हणजे आधीच बाहेरची, मग तिला बाहेर काढणं... हे आपल्या एकाच 'आजी' शब्दात कसं कोंबू?

खवचट_मामा:
आता सिरियसली. ह्या सगळ्या कथा गोऱ्या वाचकाला डोळ्यासमोर ठेवून लिहिल्यात असा आरोप फार जुना आहे बरं का आणि तो करणारे चिनी अमेरिकनच. फ्रँक चिन ह्या लेखकाने १९९१मध्ये लांबलचक निबंध लिहून मॅक्सीन हाँग किंग्स्टन, एमी टॅन सगळ्यांना धारेवर धरलं, की ह्यांनी खोटी चिनी परंपरा बनवून विकली. किंग्स्टनबाईंनी १९७६च्या पुस्तकात मुलानच्या (पुरुषवेषात लढायला गेलेली चिनी लोककथेतली मुलगी) पाठीवर अक्षरं कोरून घेतलीत, मूळ लोककथेत ती युए फेइ नावाच्या सेनापतीच्या पाठीवर, मुलानच्या नव्हे. चिनचा संताप त्यावर.

मला स्वतःला त्याचं निम्मंच पटतं. आई सांगते ती गोष्ट पोरगी अर्धवट ऐकणार, दुसऱ्या गोष्टीत मिसळणार, तशीच लिहिणार, हेच तर त्या घरांत होत असणार. पण दु:खी आई, रेशमी कापड, जुनी दंतकथा असं पॅकिंग करून दरवर्षी एक पुस्तक येतं तेव्हा तो खडूस माणूस आठवतो खरा. धागाकर्तीला जो राग आलाय ना, त्याचं मूळ मला वाटतं इथे आहे.

पाणकावळा:
साचा मोडायचाय? जेनी झांगचं 'सावर हार्ट', २०१७. नव्वदच्या दशकातलं न्यूयॉर्क, शांघायहून आलेली कफल्लक कुटुंबं, सांगणाऱ्या सगळ्या लहान मुली. पहिलीच कथा सुरू होते ती घरातला संडास तुंबलाय म्हणून रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर जायचं ह्याने. रेशीमबिशीम काही नाही. आणि ह्या पोरींना आईबापांची लाज वाटत नाही, उलट त्यांना आईबाप सोडवतच नाहीत, घर इतकं छोटं आणि प्रेम इतकं जास्त की श्वास घ्यायला जागा नाही. वय वाढतं तसा त्रास हा की आता ह्यांच्यापासून सुटायचं कसं. भाषा शिवराळ आहे, घाण आहे, नाजूक मनाच्या लोकांनी लांब राहा. मला फार आवडलं.

टाचणी:
सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायला वेळ झाला नाही, सॉरी, मार्चएंड.

रात्रपाळी, यीयुन ली वाचली. बाप घटस्फोटित लेकीला सावरायला चीनहून येतो आणि लेक त्याच्याशी दोन वाक्यं बोलत नाही, फोनवर मात्र इंग्लिशमध्ये खळखळून हसते. ती त्याला सांगते ना, की ज्या भाषेत मन मोकळं करायला कधी शिकवलंच नाही त्यापेक्षा नव्या भाषेत बोलणं सोपं जातं, तिथे मी पुस्तक खाली ठेवलं. आणि बाप पार्कात एका इराणी म्हातारीशी गप्पा मारतो, तो चिनीत, ती फार्सीत, इंग्लिश दोघांचंही जेमतेम, आणि त्या दोघांचं मस्त चाललेलं असतं! रॉकेटचं पण कळलं. लेकीला ते आधीपासून माहीत होतं हेही कळलं. म्हणजे इथे लपवणारा बाप जिवंत, जाणणारी लेक जिवंत, तरी तेच.

रात्रपाळी:
मग साच्याच्या पार उलटी हवी असेल तर शेवटची एक सांगतो आणि कामाला लागतो. 'इन द लँड ऑफ द फ्री', १९०९ची. लेखिकेचं टोपणनाव सुई सिन फार, मूळची एडिथ ईटन, बाप इंग्रज आई चिनी, गोरी म्हणून सहज खपली असती पण चिनी नावाने लिहीत राहिली. कॉपीराइट कधीच संपलाय, नेटवर फुकट मिळते, वीस मिनिटांत होते.

टाचणी:
आत्ता वाचली. वीस नाही, पंधरा मिनिटं.

आई दोन वर्षांच्या मुलाला घेऊन बोटीतून उतरते, पोराचा कागद नाही म्हणून अधिकारी त्याला ठेवून घेतात, एका रात्रीपुरतं म्हणून. मग मिशनच्या पाळणाघरात. वकिलाला पैसे कमी पडतात तर ती अंगावरचे दागिने उतरवून देते, एकेक करून, हातातली बांगडी, कानातलं, आणि तो वकील आधी नको नको म्हणतो आणि मग घेतो. दहा महिन्यांनी वॉशिंग्टनहून कागद येतो. ती पळत जाते. तिथे पोराचं नाव बदललंय, किम म्हणतात त्याला. ते पोर त्या गोऱ्या बाईच्या स्कर्टच्या चुण्यांमध्ये तोंड खुपसतं आणि आईला म्हणतं जा, जा. इंग्लिशमध्ये म्हणतं.

दहा महिन्यांत!

रात्रपाळी, तू मला रुमाल लागणार नाही असं म्हणाला होतास.

रात्रपाळी:
कुणी मरत नाही एवढंच म्हणालो होतो.

खवचट_मामा:
तेही तू नीटसं म्हणाला नव्हतास. वर जाऊन बघ.